नेताजींचा विमान अपघात: साक्षी जुळत नाहीत म्हणून अपघातच झाला नाही असं म्हणायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की २३ जानेवारीला सोसायटीत नेताजींवर बोलायचंय, कॉलेजातले सर सांगतात ते १९४५ च्या विमान अपघातात गेले, मोठे काका ठामपणे म्हणतात अपघात झालाच नाही, आणि तुम्ही स्वतः वाचायला बसलात तर मृत्यूच्या वेगवेगळ्या वेळा, अंत्यसंस्काराच्या दोन तारखा, भलत्याच माणसाच्या नावाचा दाखला आणि वर तैवानचं 'आमच्याकडे अशा अपघाताची नोंद नाही' हे उत्तर, असं सगळं एकदम अंगावर आलं. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

मी पुण्यात बरीच वर्षं जुन्या कागदांचं काम करतोय. मोडी वाचणं, घराण्यांची दफ्तरं लावून देणं, वतनाच्या वादातले महजर (गावसभेचे निवाडे), करीने (पक्षकारांच्या हकीकती), पत्रं एकमेकांशी ताडून बघणं हेच रोजचं काम. दुसरं महायुद्ध हा काही माझा पोटापाण्याचा विषय नाही, पण नेताजींच्या प्रकरणातले कमिशनचे रिपोर्ट आणि खुल्या झालेल्या फायलींमधलं जेवढं मिळालं तेवढं मी याच कामाच्या सवयीने वाचलंय, कारण अडचण तीच आहे जी आम्हाला रोज येते, एक घटना, अनेक साक्षी, आणि एकही दुसरीशी पूर्ण जुळत नाही.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न 'नेताजी अपघातात गेले की नाही' हा नाहीये. खरा प्रश्न हा आहे की साक्षी जुळत नाहीत तेव्हा त्या न जुळण्याला किंमत किती द्यायची. काका प्रत्येक विसंगतीला सारखीच किंमत देतात, सर बहुतेक कुठल्याच विसंगतीला देत नाहीत, आणि तुम्ही मधे अडकलाय.

एक गोष्ट आधीच मोकळेपणाने सांगतो, उत्तर थोडंफार तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. कोर्टात दाखला हवा, मृतदेह हवा, ओळख पटवणारा हवा. घरच्यांना अस्थी हव्यात. इतिहासाचं काम करणाऱ्याला यातलं बऱ्याचदा काहीच मिळत नाही, त्याला हाताशी आहे त्यातून सर्वात जास्त टिकणारं सांगावं लागतं आणि किती टिकतं तेही सांगावं लागतं. एकच पुरावा कोर्टात अपुरा आणि इतिहासात भक्कम असू शकतो, आणि नेताजींच्या बाबतीत निम्मी भांडणं यातूनच झालीत असं मला वाटतं.

आता ज्यावर फारसा वाद नाही ते आधी बघू. १५ ऑगस्ट १९४५ ला जपानची शरणागती जाहीर झाली. १६ ला नेताजी सिंगापूरहून बँकॉकला आले, १७ ला सकाळी सैगॉनला. आझाद हिंद सेनेचे चीफ ऑफ स्टाफ जगन्नाथराव भोसले, आपल्या सावंतवाडीकडचे, ते मागे बँकॉकलाच राहिले. सैगॉनला जपान्यांकडे विमानात जागा नव्हती, आधी एकच सीट देतो म्हणाले, मग घासाघीस करून दोन मिळाल्या, आणि नेताजींनी सोबत आपल्या सेनेतले कर्नल हबीबुर रहमान यांना घेतलं. अय्यर, आबिद हसन, देबनाथ दास वगैरे बाकीचे सहकारी तिथेच थांबले. विमान जपानी लष्कराचं दोन इंजिनांचं बॉम्बर, आत जपानी लष्कराचे जनरल शिदेई, जे मांचुरियाला निघाले होते. त्या संध्याकाळी सैगॉनहून निघून रात्री तूरानला म्हणजे आजच्या दा नांगला मुक्काम, १८ ला दुपारी ताईहोकूला म्हणजे आजच्या तैपेईला, तिथून पुढे दायरेनला जायचं होतं. दायरेन मांचुरियात, आणि मांचुरियात ९ ऑगस्टपासून रशियन फौजा घुसल्या होत्या. म्हणजे नेताजी रशियाकडे जायच्या प्रयत्नात होते हा भाग कल्पनेतला नाही, अपघात मानणारेही तो मानतात. 'ते रशियात पोचले' ही गोष्ट लोकांना इतकी पटते ती यामुळेच, तिच्या तळाशी खरी योजना आहे.

पुढची हकीकत अपघातातून वाचलेल्यांनी सांगितली ती अशी. दुपारी अडीचच्या सुमाराला विमान ताईहोकूहून उडालं, लगेच मोठा आवाज झाला, डाव्या बाजूचा प्रोपेलर निखळला आणि विमान खाली येऊन आपटलं. पायलट आणि जनरल शिदेई जागीच गेले. नेताजी पेट्रोलच्या टाकीजवळ बसलेले होते, अंगावर पेट्रोल उडालं, बाहेर पडायची वाट पुढच्या बाजूच्या आगीतूनच होती, ते त्यातूनच बाहेर आले तेव्हा कपडे पेटलेले होते. रहमाननी हाताने आग विझवायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचेही हात भाजले. तिथून नानमोन भागातलं लष्करी हॉस्पिटल, डॉक्टर योशिमी आणि डॉक्टर त्सुरुता, अंगभर भाजलेलं, आणि त्याच दिवशी रात्री मृत्यू. देहाचं दहन ताईहोकूलाच, सप्टेंबरमध्ये अस्थी टोकियोला, तिथल्या रेनकोजी देवळात, अजून तिथेच आहेत.

आता विसंगती. वेळेचीच घ्या, कारण तुमच्या काकांचा सगळा भर त्यावर आहे असं दिसतंय. १९४५ मध्येच ब्रिटिश गुप्तचरांच्या हाती एक जपानी लष्करी तार लागली, तिच्यात नेताजींचं नावसुद्धा नाही, 'टी' एवढंच सांकेतिक अक्षर आहे, आणि ती म्हणते अपघात १८ तारखेला दुपारी दोनला आणि मृत्यू मध्यरात्री. ब्रिटिश लष्करी अधिकारी फिगेस याचा जुलै १९४६ चा रिपोर्ट म्हणतो संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान. जपान सरकारने जानेवारी १९५६ मध्ये तयार केलेला आणि २०१६ मध्ये लोकांसमोर आलेला रिपोर्ट म्हणतो सातच्या सुमाराला. आणि १९५६ चीच, आपल्या सरकारने चौकशीसाठी नेमलेली शाहनवाज कमिटी म्हणते रात्री नऊ ते दहा. म्हणजे पाच वाजल्यापासून मध्यरात्रीपर्यंत कुठेही.

हे बघून साहजिकच वाटतं की सगळे खोटं बोलतायत. पण मला माझ्या कामात नेमकं उलटं दिसतं. वतनाच्या वादात जुने महजर येतात, गावातले दहा-बारा जण साक्ष देतात, आणि त्या सगळ्यांची साक्ष शब्दाला शब्द सारखी असली की मी सावध होतो, कारण मग एक तर कारकुनाने एकाचीच साक्ष लिहून बाकीच्यांची नावं खाली घातलेली असतात किंवा सगळ्यांना आधी पढवून आणलेलं असतं. खऱ्या साक्षी मधल्या मुद्द्यावर जुळतात आणि कडेला फाटतात. कोण मेलं, कुठे, कशाने, हे जुळतं. किती वाजता, अंगावर काय होतं, कोण आधी धावलं, हे जुळत नाही. हॉस्पिटलमध्ये जवळचं माणूस गेलंय अशा घरात दहा वर्षांनी भावाभावांना विचारून बघा नेमके किती वाजले होते, तुम्हाला दोन तरी वेळा मिळतील आणि माणूस मात्र खरंच गेलेलं असेल.

दुसरं, कागदावरची वेळ किंवा तारीख नेमकी कशाची आहे हे आधी विचारावं लागतं. एका घराण्याचं दफ्तर माझ्याकडे लावायला आलं होतं, त्यात पेशवाईतल्या एका मोहिमेत वारलेल्या पूर्वजाच्या तीन तिथी निघाल्या. एक सोबत्याच्या पत्रात, एक सरकारी हिशेबात जिथे त्याची नेमणूक मुलाच्या नावे पुढे चालू केली होती, आणि एक घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेली श्राद्धाची तिथी. घरातली मंडळी अस्वस्थ, दोघांचं मत होतं की पत्र बनावट आहे. नीट लावून बघितलं तर तिन्ही कागद खरे. पत्रातली तिथी मृत्यूची. हिशेबातली तिथी कारकुनाने नोंद केली त्या दिवसाची. आणि घरातली तिथी तोंडी निरोप गावी पोचला त्या दिवसाची, कारण निरोप्याला नेमकी तिथी माहीत नव्हती, आणि तिथी कळली नाही तर बातमी ऐकली तो दिवस धरायची पद्धत होती, पत्र नंतर हाती आलं पण तोपर्यंत तिथी ठरून गेली होती. तीन वेगवेगळ्या घटनांच्या तीन तारखा, आणि आपण त्या एकाच घटनेच्या समजून भांडत होतो.

ताईहोकूच्या वेळांनाही हाच प्रश्न विचारा. शुद्ध हरपली ती वेळ, नाडी थांबली ती वेळ, वरिष्ठांना कळवलं ती वेळ, तार लिहिणाऱ्याने घातली ती वेळ, या सगळ्या वेगळ्या असू शकतात. शिवाय जपानी सैन्य सगळीकडे टोकियोचं घड्याळ वापरायचं, त्यामुळे दुसऱ्या कोणी 'स्थानिक वेळ' म्हणून सांगितलं तर एखादा तास तिथेच इकडेतिकडे होतो. यातून पाच ते बारा हा सगळा फरक सुटतो असं मी म्हणणार नाही, सुटत नाही. पण १८ तारीख, ताईहोकू, विमान अपघात, आणि त्यातूनच मृत्यू, या चारही गोष्टींवर वर सांगितलेले चारही कागद एकच बोलतात, आणि त्यातले दोन कागद घटनेनंतर वर्षभराच्या आतले आहेत. आमच्याकडे समकालीन कागदाला जास्त मान असतो तो उगाच नसतो. आठवणीला वर्षं चढली की ती बखर व्हायला लागते. म्हणून १९५६, १९७० आणि २००० नंतर घेतलेल्या साक्षींमधला फरक मोजताना आधी हे बघा की तो साक्षीदार किती वर्षांनी बोलतोय.

मात्र सगळ्याच विसंगती अशा किरकोळ नाहीत आणि इथे काकांचं म्हणणं नीट ऐकायला हवं. तीन हरकती खरोखर वजनदार आहेत.

पहिली म्हणजे ओकुराचा दाखला. तैपेईच्या दहनाच्या नोंदींत नेताजींचं नाव नाही. जी नोंद नेताजींची म्हणून पुढे केली गेली ती इचिरो ओकुरा नावाच्या जपानी सैनिकाची आहे, मृत्यू १९ ऑगस्टला, कारण हृदयक्रिया बंद पडणे. अपघात मानणारे म्हणतात की गुप्ततेसाठी खोट्या नावाने परवाना घेतला. १९९९ ला नेमलेल्या न्यायमूर्ती मुखर्जी कमिशनने उलटं म्हटलं, हा ओकुरा खरंच ओकुरा होता, तेव्हा रेनकोजीतली राख नेताजींची नाही. आता या दोन्हींत मला काय दिसतं ते सांगतो. ओकुराच्या दहनाची तारीख २२ ऑगस्ट. जपानचा १९५६ चा रिपोर्टही नेताजींचं दहन २२ लाच झालं म्हणतो, पण शाहनवाज कमिटीने २० तारीख धरलीय. म्हणजे असंही असू शकतं की पुढे कुठेतरी कोणीतरी ओकुराच्या कागदावरून तारीख उचलली किंवा तो कागद नेताजींचाच आहे असं धरून चाललं. म्हणून ओकुराचा कागद नेताजींचा आहे हे मला सिद्ध झालेलं वाटत नाही, त्यावर अवलंबून राहू नका, तुमच्या सरांनी तो पुरावा म्हणून सांगितला असेल तर तो कच्चा आहे. पण दुसऱ्या बाजूनेही तेवढंच खरं आहे, ओकुराचा कागद ओकुराचा निघाला तर त्याने एवढंच ठरतं की ओकुरा मेला. त्याने नेताजी जिवंत राहिले हे ठरत नाही. चुकीचा पुरावा बाजूला काढला की बाकीचा पुरावा उरतो, तो आपोआप खोटा होत नाही. हा मुद्दा लोक फार पटकन ओलांडतात.

दुसरी हरकत, तैवानचं उत्तर. मुखर्जी कमिशनला तैवानकडून कळलं की त्या दिवसांत ताईहोकूला असा अपघात झाल्याची नोंद सापडत नाही. वाचल्याबरोबर हे सगळ्यात भारी वाटतं. पण नोंद नाही म्हणजे घटना नाही असं म्हणण्याआधी आम्ही दोन गोष्टी विचारतो, अशी घटना घडली असती तर नोंद कोणी ठेवली असती, आणि ते दफ्तर आज कोणाकडे आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये तो विमानतळ जपानी लष्कराच्या ताब्यात होता, अपघात लष्करी विमानाचा, हॉस्पिटल लष्कराचं. चिनी सरकारने तैवानचा ताबा घेतला २५ ऑक्टोबर १९४५ ला, म्हणजे दोन महिन्यांहून जास्त काळाने. आणि शरणागतीच्या त्या दिवसांत जपानी लष्कराने ठिकठिकाणी आपली कागदपत्रं जाळली हे जगजाहीर आहे. तेव्हा आज तैवानच्या सरकारी दफ्तरात ती नोंद नसणं मला विचित्र वाटत नाही, असती तर उलट नवल वाटलं असतं. जिथे रोजच्या रोज सलग नोंदी टिकल्यात आणि नेमका तोच दिवस कोरा आहे तिथे ते कोरेपण बोलतं. जिथे दफ्तरच हाती नाही तिथे ते काहीच सांगत नाही.

तिसरी हरकत मला स्वतःला सगळ्यात जास्त खुपते. इतका मोठा माणूस, आणि मृतदेहाचा चेहरा दिसेल असा एक फोटो नाही. हबीबुर रहमान यांचा बँडेज बांधलेला फोटो आहे, पण नेताजींचा चेहरा नाही. मृत्यूची बातमी जपानी न्यूज एजन्सीने दिली ती थेट २३ ऑगस्टला, पाच दिवसांनी. मृत्यूचा मूळ वैद्यकीय दाखला नीट सांभाळलेला नाही. चेहरा जळून सुजला होता, हे कारण दिलं गेलंय आणि ते अशक्य नाही, पण एवढी ढिलाई कोणालाही संशयाला जागा देईल. त्या वेळी संशय खुद्द इंग्रजांनाही आला होता. व्हाइसरॉय वेव्हेलने डायरीत लिहून ठेवलंय की ही बातमी खरी असेल का याची शंका वाटते, कारण नेताजींना भूमिगत व्हायचं असतं तर जपान्यांनी नेमकी हीच बातमी दिली असती. गांधीजीही आधी नेताजी जिवंत आहेत म्हणत होते, १९४६ मध्ये त्यांनी ते मागे घेतलं.

पण याच संशयामुळे पुढचा मुद्दा बळकट होतो. ज्यांना नेताजी सापडायला हवे होते, ज्यांच्याकडे तेव्हा मोठी हेरयंत्रणा होती आणि ज्यांचा बातमीवर विश्वास नव्हता त्यांनीच माणसं पाठवून तपास केला, बँकॉक, सैगॉन, टोकियो, जपानी अधिकाऱ्यांना कैदेत असताना विचारलं, आणि १९४६ च्या मध्यापर्यंत निष्कर्ष काढला की माणूस गेला. शत्रूने स्वतःच्या सोयीविरुद्ध शंका घेऊन, तपासून दिलेली साक्ष आमच्या तराजूत जड असते. मित्राची साक्ष प्रेमाने वाकू शकते. इथे इंग्रजांना जपान्यांचं खोटं पकडण्यातच फायदा होता.

कमिशनबद्दलही थोडं, कारण 'सरकारी कमिशननेच अपघात नाकारला' हे वाक्य फार फिरतं. शाहनवाज कमिटी १९५६ ची, तीन सदस्य, दोघांनी अपघात मानला आणि तिसरे सदस्य, म्हणजे नेताजींचे थोरले बंधू सुरेशचंद्र बोस, यांनी वेगळं मत दिलं. ही कमिटी तैवानला गेलीच नव्हती, ही तिची मोठी उणीव, कारण तेव्हा आपले तिथे राजनैतिक संबंध नव्हते. न्यायमूर्ती खोसला यांचं एकसदस्यी कमिशन १९७० ला नेमलं, त्यांचा रिपोर्ट १९७४ ला आला, त्यांनीही अपघात मानला. १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत सांगितलं की आधीचे निष्कर्ष निर्णायक मानता येत नाहीत. मग कलकत्ता हायकोर्टाच्या आदेशानंतर १९९९ ला मुखर्जी कमिशन, रिपोर्ट २००५ चा, २००६ ला संसदेत ठेवला, आणि सरकारने तो स्वीकारला नाही, तेही कारणांची नीट चर्चा न करता, जे माझ्या मते वाईट झालं. नाकारायचं तर मुद्देसूद नाकारायला हवं होतं, लोकांचा संशय त्याने दुप्पट झाला.

पण मुखर्जी रिपोर्टमध्ये नेमकं काय म्हटलंय ते काकांना एकदा विचारा. त्यात म्हटलंय, नेताजी आता हयात नाहीत, ते सांगितलं जातं त्या अपघातात गेले नाहीत, रेनकोजीतली राख त्यांची नाही. आणि मग ते कुठे आणि कसे गेले याचं ठाम उत्तर देता येईल एवढा पुरावा नाही. फैजाबादचे गुमनामी बाबा नावाचे साधू म्हणजे नेताजी, हेही त्या कमिशनने सिद्ध झालं असं म्हटलेलं नाही, दातांच्या डीएनए तपासणीत जुळणी मिळाली नाही, हस्ताक्षराबद्दल तज्ज्ञांचंच एकमत नव्हतं. म्हणजे जे कमिशन काकांच्या बाजूचं समजलं जातं ते काकांच्या कहाणीचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे नेताजी त्यानंतर कुठेतरी जिवंत राहिले हा, सिद्ध झाला असं म्हणत नाही.

आणि त्या दुसऱ्या अर्ध्या भागासाठी काय काय मानावं लागेल ते मांडून बघा. हबीबुर रहमान यांनी १९४५ ला एक गोष्ट सांगितली, फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, १९५६ ला दिल्लीत येऊन पुन्हा तीच सांगितली, १९७८ ला वारले तोपर्यंत फिरवली नाही. हातांवर भाजल्याचे व्रण होते. नेताजींच्या सांगण्यावरून ते गप्प राहिले असं समजू, पण मग नोनोगाकी, साकाई, कोनो, ताकाहाशी हे वाचलेले जपानी अधिकारी, दोन्ही डॉक्टर, दुभाषा, हे सगळेही पराभूत, विखुरलेले, वेगवेगळ्या देशांत चौकशीला सामोरे जाणारे लोक तेवढेच गप्प राहिले असं मानावं लागतं, आणि त्यात मुद्दाम ठरवून वेळ मात्र वेगवेगळी सांगितली असंही. जनरल शिदेई याच अपघातात गेले अशी नोंद आहे, त्यांचंही काहीतरी करावं लागतं. वर रशियातून किंवा भारतातून आजवर एकही अस्सल कागद असा निघालेला नाही जो १८ ऑगस्टनंतर नेताजी जिवंत असल्याचं निर्विवाद दाखवेल. २०१५ ला पश्चिम बंगाल सरकारने ६४ फायली खुल्या केल्या, २०१६ ला केंद्राने शंभर फायलींपासून सुरुवात केली, त्यांतून घरच्यांवर पाळत ठेवल्याचं दुःखद सत्य बाहेर आलं, पण हे नाही.

युरोपातलं एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. पोलंडचे जनरल सिकोर्स्की ४ जुलै १९४३ ला जिब्राल्टरहून विमान उडताच समुद्रात पडून गेले, फक्त पायलट वाचला, आणि त्या पायलटने लाइफ जॅकेट घातलं होतं की नाही एवढ्यावरून अनेक दशकं घातपाताच्या कहाण्या चालल्या. २००८ मध्ये त्यांचं थडगं उघडून तपासणी केली, तेव्हा जखमा विमान अपघातातल्यासारख्याच निघाल्या, गोळी नाही, विष नाही. पण विमान मुळात का पडलं याचं उत्तर त्यातून मिळालं नाही, मिळणार नव्हतंच. मृतदेह कोणत्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो आणि कोणत्या नाही हे त्यावरून चांगलं कळतं.

आणि आपल्या पुण्यातलंच उदाहरण तर तुम्हाला माहीतच असेल. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने, म्हणजे पुन्हा शत्रूच्या गोटातल्या माणसाने, धड कसं सापडलं, खुणांवरून कसं ओळखलं, शिर वेगळं कसं मिळालं हे लिहून ठेवलंय. तरी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत सौभाग्याची लेणी उतरवली नाहीत, आणि भाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे साधीसुधी माणसंच नाही तर कोकणातले किल्ले आणि सरदारही गेले, १७७६ ला नाना फडणिसांच्या कारभारात त्याचा शेवट झाला. पंधरा वर्षं. इतका मोठा माणूस डोळ्यांसमोर गेला नाही की समाज त्याला मेलेला मानायला तयार होत नाही, आणि यात मूर्खपणा नाही, ते प्रेम आहे. नेताजींबद्दल काकांना जे वाटतं त्याचा मला मनापासून आदर आहे. फक्त पार्वतीबाईंची श्रद्धा आणि काशीराजाची साक्ष या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत आणि एकीने दुसरी खोडून काढता येत नाही.

तर माझं मत. १८ ऑगस्ट १९४५ ला ताईहोकूला विमान पडलं आणि त्यातल्या भाजण्याने नेताजी गेले, ही उपलब्ध हकीकतींमधली सगळ्यात टिकाऊ आहे, आणि ती बऱ्याच फरकाने टिकाऊ आहे. मृत्यूची नेमकी वेळ आणि दहनाची तारीख मी अनिश्चित धरतो. ओकुराचा कागद मी पुराव्यात धरत नाही, कुठल्याच बाजूने. राख नेताजींचीच आहे हे संभवनीय आहे पण तपासलेलं नाही, आणि ते तपासायला हवं. नेताजींच्या कन्या अनिता बोस फाफ अपघात मानतात आणि त्यांनी स्वतः डीएनए तपासणीची आणि अस्थी भारतात आणण्याची मागणी केलेली आहे. भाजलेल्या हाडातून डीएनए मिळेलच अशी खात्री नसते, किती तापमानात जळलंय आणि किती मोठे तुकडे शिल्लक आहेत त्यावर ते ठरतं, तरी प्रयत्न न करता बसायला मला काही कारण दिसत नाही. तपासणीत जुळलं नाही तर मला माझं मत नव्याने मांडावं लागेल आणि मी ते मांडेन.

२३ तारखेला बोलताना माझा सल्ला असा की मृत्यूवर पाच मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका, पण त्या पाच मिनिटांत 'असं म्हणतात, तसंही म्हणतात' असं गुळमुळीत सोडू नका. 'कागदांवरून अपघातच खरा ठरतो, या या गोष्टी अजून नक्की नाहीत, आणि अस्थींची तपासणी व्हायला हवी' इतकं सरळ सांगा. श्रोत्यांत काकांच्या वयाचे लोक असतील, त्यांच्यापैकी कोणी ओकुराचं किंवा तैवानचं काढलं तर ते खोटं आहे म्हणू नका, ते खरं आहे, फक्त त्यातून किती निघतं आणि किती निघत नाही ते सांगा. उरलेला वेळ मे १९२८ ला द्या, जेव्हा तिशीतला हा माणूस महाराष्ट्र प्रांतिक परिषदेचा अध्यक्ष म्हणून इथे पुण्यात आला होता, किंवा सैगॉनच्या त्या दोन सीटांना द्या, जिथे त्यांनी आपल्या सगळ्या माणसांना मागे सोडून एकालाच निवडलं आणि पुढे कुठे जायचंय हे बहुतेकांना सांगितलंही नाही. त्यावर बोलायला कुठलंही कमिशन लागत नाही.

काकांशी बोलणं झालं आणि त्यांनी एखाद्या विशिष्ट कागदाचं नाव घेतलं तर तो कोणत्या वर्षाचा, कोणी लिहिलेला आणि लिहिणारा तिथे हजर होता का, एवढं विचारून मला इथेच कळवा, तो कागद आपण वेगळा घेऊन बघू.